सात नंबरचं आयर्न आणि कोलकात्याची पहाट : नाशिकच्या एका गोल्फपटूचं प्रकरण

माझा भाचा पोटापाण्यासाठी गोल्फ खेळतो. नाशिकमध्ये हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे गोल्फ क्लबवर?" त्र्यंबक रोडजवळच्या त्या मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. पण रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्याला गोल्फ क्लबच म्हणतात. तिथे पहाटे माणसं चालतात, पोरं क्रिकेट खेळतात, रणजीचे सामनेही झाले आहेत. गोल्फचा चेंडू मात्र तिथे कुणी मारत नाही. नावात गोल्फ आहे, मैदानात नाही. अशा गावातून एखादा मुलगा या खेळात उतरतो तेव्हा त्याचं काय होतं, आणि त्याचं दुखणं ओळखायला घरच्यांना किती वेळ लागतो, ते लिहून ठेवावं असं वाटलं. मी गणिताचा शिक्षक होतो. निवृत्तीनंतर या मुलाची वही ठेवली. हे प्रकरण त्या वहीतून आलं आहे. तो अजून खेळतो आहे, म्हणून त्याचं नाव इथे घेत नाही.

परिस्थिती

दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, तोफखान्यात होते. देवळालीला त्यांची बदली झाली आणि घर इथेच राहिलं. लष्कराच्या भागात गोल्फचं मैदान आहे. अकराव्या वर्षी हा मुलगा तिथे जाऊ लागला. आधी हरवलेले चेंडू शोधायचा, मग साहेबांच्या पिशव्या उचलायचा, मग एका साहेबाने कापून आखूड केलेली एक जुनी काठी त्याला दिली. (गोल्फच्या दांड्याला क्लब म्हणतात, पण आमच्या घरात तो शब्द त्या मैदानासाठी खर्ची पडला आहे. आम्ही काठीच म्हणतो, इथेही तेच म्हणतो.) लष्कराच्या मैदानांवर वाढलेले गोल्फपटू भारतात बरेच आहेत. पुण्यात १९८७ साली जन्मलेल्या अनिर्बन लाहिरीचे वडीलही लष्करात डॉक्टर होते. २०१५ साली लाहिरी अमेरिकेतल्या पीजीए चॅम्पियनशिप या मोठ्या स्पर्धेत संयुक्त पाचवा आला तेव्हा दाजींनी पेढे वाटले होते. शेजाऱ्यांना वाटलं, यांच्या मुलाचाच निकाल लागला.

विसाव्या वर्षी भाचा व्यावसायिक झाला. भारतात पुरुषांची मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिका पीजीटीआय ही संस्था चालवते. २००६ साली ती सुरू झाली. तिच्यात खेळायचं तर पात्रता फेरीतून 'कार्ड' मिळवावं लागतं. पहिल्याच खेपेला त्याला ते मिळालं. घरात आनंद झाला, आणि त्या आनंदात आम्ही पुढचा हिशेब केलाच नाही.

तो हिशेब असा. स्पर्धा चार दिवसांची. पहिले दोन दिवस सव्वाशेच्या आसपास खेळाडू खेळतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 'कट' लागतो : पहिले पन्नास आणि पन्नासाव्याशी बरोबरी असलेले पुढे जातात. बाकीच्यांना एक रुपयाही मिळत नाही. एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला पंधरा लाख मिळतात, तेव्हा पेपरात बातमी येते. एक्कावन्नाव्याची बातमी येत नाही. प्रवेश शुल्क, रेल्वे, लॉज, कॅडीची (पिशवी उचलणाऱ्याची) मजुरी, जेवण धरून आमच्या वहीत एका आठवड्याची सरासरी पंचेचाळीस हजारांची होती. हे पैसे दाजींच्या निवृत्तीच्या रकमेतून जात होते.

पहिल्या वर्षी चौदा स्पर्धा, तीन कट. दुसऱ्या वर्षी पंधरा स्पर्धा, चार कट. हुकलेल्या बावीस कटांपैकी तेरा एका किंवा दोन फटक्यांनी हुकले होते. दोन दिवसांचे छत्तीस होल (पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचा एक टप्पा म्हणजे होल), सुमारे एकशे चाळीस फटके, आणि त्यातला एखादा जास्त. मुलगा दर आठवड्याला नापास होत होता, तोही पस्तीसपैकी चौतीस मिळवून. दहा-दहा फटक्यांनी हुकला असता तर आम्हीच त्याला म्हटलं असतं, बाळा, पुरे आता. एका फटक्याने हुकणाऱ्याला कुणी थांब म्हणत नाही आणि तो स्वतःही थांबत नाही. या खेळातली खरी जीवघेणी जागा हीच, असं मला आज वाटतं.

सगळ्यांचं एकच निदान

घरात, मैदानावर, ज्या प्रशिक्षकाकडे तो अधूनमधून जायचा त्यांच्याकडे, सगळीकडे एकच उत्तर होतं : पटिंग. पट म्हणजे ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू घरंगळवत भोकात घालायचा फटका. भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा साधारण ४३. हुकलेला पट सगळ्यांना दिसतो. चेंडू भोकाच्या काठावरून फिरून बाहेर येतो, बघणारे हळहळतात, खेळाडू मान खाली घालतो. कट हुकला त्या दिवशी शेवटच्या दोन-तीन होलांत असा एखादा पट हुकलेला असायचाच. मग झालं, तोच गुन्हेगार.

दाजींकडे दाखले होते. शिवशंकर प्रसाद चौरसिया यांचं त्यांना फार कौतुक. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या ग्रीनकीपरचा हा मुलगा. १८२९ साली स्थापन झालेला हा क्लब ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यांत जुना. चौरसिया स्वतःच बघून बघून शिकले, १९९७ साली व्यावसायिक झाले, २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकले, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकले. लांब मारणाऱ्यांत त्यांची गणना नव्हती. ग्रीनच्या आसपासचा हात आणि पट यांच्या जोरावर ते जिंकले, म्हणून सोबतचे खेळाडू त्यांना 'चिपपटसिया' म्हणायचे. "बघ, गरिबाच्या पोराला पटच तारतो," दाजी म्हणायचे.

दुसरा दाखला अर्जुन अटवालचा. २०१० साली त्याचं अमेरिकेतल्या पीजीए टूरचं कार्ड गेलं होतं. विंडहॅम चॅम्पियनशिपला सोमवारची पात्रता खेळून तो आत आला. पहिल्या दिवशी ६१ फटके, चार दिवसांचे मिळून २६०, पारपेक्षा, म्हणजे मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, वीस कमी. डेव्हिड टॉम्सला एका फटक्याने मागे टाकून तो पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय झाला. शेवटच्या होलवर सुमारे सात फुटांचा पट त्याने घातला. वय तेव्हा सदतीस. दाजींना त्यातला तो सात फुटांचा पट पाठ होता. मला नंतर त्यातले ६१ आणि २६० महत्त्वाचे वाटू लागले, पण तेव्हा माझंही मत वेगळं नव्हतं. मी तर पटिंगच्याही पलीकडे जाऊन म्हणत होतो, पोराने धसका घेतला आहे, शेवटच्या क्षणी हात थरथरतो.

या निदानावर वर्षभर उपचार झाले. तीन वेळा पटर बदलला. पकड बदलली, मग परत पहिली आणली. रोज चार-चार तास पट मारण्यात गेले. देवळालीला जागा मिळाली नाही त्या दिवशी बैठकीच्या खोलीत सतरंजी ताणून बसवायची आणि दोन वाट्यांमधून चेंडू न्यायचा. ताई रात्री स्वयंपाकघर आवरताना तो टक-टक आवाज ऐकायची. एकदा मला म्हणाली, "तो आवाज बंद झाला की मला जास्त भीती वाटते."

त्या वर्षीही चारच कट. पंधरातले अकरा हुकले.

वही

वही सुरू करण्यामागे फार विचार नव्हता. पैशांची वही मी ठेवतच होतो, त्यात फटक्यांची पानं जोडली. भाच्याला म्हटलं, दर रात्री फोनवर मला सगळे फटके सांग. त्याला ते ओझं वाटेल असं मला वाटलं होतं. पण गोल्फपटूला आपला प्रत्येक फटका आठवतो हे मला माहीत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वीच्या फेरीतला अकरावा होल विचारला तरी काठी कुठली, वारा कुठून, चेंडू कुठे पडला, सगळं सांगतो. मुंबई-पुण्याच्या स्पर्धांना मी स्वतः सोबत चाललो. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जायचं, चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या मैदानावर दोरीच्या बाहेरून चालायचं आणि छोट्या डायरीत लिहायचं. बावीस फेऱ्या जमल्या.

रकाने साधे होते : होल, ग्रीनपासूनचं अंतर, कुठली काठी, चेंडू कुठे पडला, ठरल्या फटक्यांत (पारपेक्षा निदान दोन कमी) ग्रीनवर आला का, पहिला पट किती फुटांचा, एकूण पट किती, फेरी किती वाजता सुरू झाली. शेवटचा रकाना मी का घातला ते आज सांगता येत नाही. शाळेत परीक्षेच्या पर्यवेक्षण अहवालावर वेळ लिहायची सवय होती, तीच असावी. पुढे सगळ्यांत उपयोगी तोच पडला.

आधी पट काढले. सहा ते दहा फुटांमधले एकूण सत्त्याण्णव पट, त्यातले सत्तेचाळीस आत गेले. म्हणजे निम्म्याच्या आसपास. मला हे वाईट वाटलं. मग तुलना शोधली. जगातले सर्वोत्तम खेळाडू, म्हणजे अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे, आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. दहा फुटांवरून शंभरात चाळीस. वीस फुटांवरून शंभरात पंधरा. टीव्हीवर आपण गेलेले पट बघतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळेच जातात. तिकडची ग्रीन आणि इकडची ग्रीन यांत फरक आहे हे मान्य, पण एवढं तर स्पष्ट झालं की ज्या दुखण्यावर आम्ही वर्षभर औषध देत होतो ते दुखणं मुलाला नव्हतंच.

याच शोधात कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांचं काम वाचनात आलं. पीजीए टूरवरच्या फटक्यांची प्रचंड नोंद घेऊन त्यांनी हिशेब केला की वरचे खेळाडू बाकीच्यांच्या पुढे जातात ते नेमके कुठल्या फटक्यांमुळे. उत्तर असं : ग्रीनवर चेंडू आणणाऱ्या लांबच्या फटक्यांतून सुमारे ४० टक्के, टीवरून (होल सुरू होतो त्या जागेवरून) मारलेल्या ड्राइव्हमधून २८, ग्रीनच्या आसपासच्या फटक्यांतून १७ आणि पटमधून फक्त १५. ही मोजण्याची पद्धत २०११ पासून पीजीए टूरनेही आधी पटिंगसाठी आणि मग बाकी फटक्यांसाठी घेतली. दाजींना हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तोफेचंही तसंच असतं. गोळा कुठे पडला ते सगळे बघतात. अंतर कुणी काढलं ते कुणी बघत नाही."

हे वाक्य त्यांनी सहज टाकलं. मला ते दोन दिवसांनी कळलं.

दोन ढीग

मी बावीस फेऱ्यांची पानं सुटी करून पलंगावर मांडली. ठरल्या फटक्यांत किती ग्रीन मिळाली, एवढाच आकडा बघत होतो. अव्वल व्यावसायिकांना अठरापैकी साधारण अकरा-बारा मिळतात. भाच्याची सरासरी दहा. वाईट नाही, पण कट हुकवायला पुरेशी. मग पानं ग्रीनच्या संख्येप्रमाणे लावली आणि ढिगांकडे बघितलं. वरच्या ढिगात जवळजवळ सगळी पुण्याची आणि बेंगळुरूची पानं होती. तिथे सरासरी बारा. खालच्या ढिगात मुंबई, कोलकाता, जमशेदपूर. तिथे नऊ.

भाच्याचं म्हणणं होतं की पूर्वेकडचं गवत त्याला जमत नाही. असेलही. पण मग मुंबई का? मी प्रत्येक हुकलेल्या ग्रीनसमोर चेंडू कुठे पडला ते लाल पेनाने लिहिलं. पहिल्या नऊ होलांत हुकलेले फटके बहुतेक आखूड, ग्रीनच्या आधी, पुढच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. नंतरच्या नऊ होलांत हुकलेले बहुतेक उजवीकडे. आखूड फारसे नाहीत, उजवीकडे. वर्गात एखादा मुलगा पहिली पाच गणितं एका प्रकारे चुकला आणि पुढची पाच वेगळ्या प्रकारे, तर मधे त्याने काहीतरी ठरवलेलं असतं. नुसता निष्काळजीपणा असा टप्पे पाडून होत नाही.

रात्री फोन केला. "पहिले फटके आखूड पडले की तू काय करतोस?"

"जरा जोर लावतो, मामा. वाटतं की नीट बसला नाही फटका."

"आणि नीट बसलेला असतो का?"

बराच वेळ गप्प होता. "हाताला तर बसल्यासारखाच वाटतो."

मग मी तो प्रश्न विचारला, जो दोन वर्षांत आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता. तुझ्या प्रत्येक काठीने चेंडू किती लांब जातो ते तू कुठे मोजलंस? तो म्हणाला, "दिंडोरीला, आपल्या काकांच्या शेतात. मे महिन्यात. गहू निघाल्यावर रान मोकळं असतं ना. दुपारी जायचो, तेव्हा तिकडे कुणी नसतं." धाकटा भाऊ लांब उभा राहायचा, चेंडू पडला की धूळ उडायची, तिथे तो काठी रोवायचा, मग टेप. मोजणी चोख होती. सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी तोंडाच्या काठीने; नंबर जितका लहान तितका चेंडू लांब) एकशे साठ यार्ड. हा आकडा त्याने पाठ केला, आणि तोच घेऊन भारतभर फिरला.

समुद्रसपाटी आणि थंडी

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचावर आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, चेंडूला अडथळा कमी होतो आणि तो थोडा लांब जातो. 'थोडा' म्हणजे किती? दोन ते अडीच टक्के. एकशे साठ यार्डांवर चार यार्ड. पुणे जवळजवळ नाशिकच्याच उंचीचं, बेंगळुरू त्याहूनही उंच, नऊशे मीटर. मुंबई आणि कोलकाता समुद्रालगतच्या पातळीवर.

चार यार्डांनी ग्रीन हुकत नाही. मी इथे अडकलो होतो. भूगोलाच्या एका जुन्या सहकाऱ्यांशी बोलत होतो तेव्हा ते म्हणाले, "उंची बघितलीत, तापमान बघितलंत का?" थंड हवा जड असते, शिवाय थंड चेंडूची उसळीही कमी होते. दिंडोरीच्या मे महिन्यातल्या दुपारी अडतीस-एकोणचाळीस डिग्री. कोलकात्याच्या हिवाळ्यात पहाटे साडेसहा-सातला फेरी सुरू होते तेव्हा चौदा. हा फरक सात नंबरच्या काठीवर आणखी चार-पाच यार्डांचा. आता दोन्ही मिळवा : आठ-नऊ यार्ड. एका काठीपासून पुढच्या काठीपर्यंत साधारण दहा-बारा यार्डांचा फरक असतो. म्हणजे कोलकात्यात सकाळी हा मुलगा जवळजवळ एक काठी कमी घेऊन खेळत होता, आणि त्याला वाटत होतं की आपला फटका बसत नाही.

निफाडच्या द्राक्षबागांत थंडीच्या रात्री शेकोट्या पेटवणारा आमचा जिल्हा. थंडीने द्राक्षाचं काय होतं ते इथल्या शाळकरी पोराला ठाऊक असतं. थंडीने चेंडूचं काय होतं, हा विचार आमच्यापैकी कुणाला शिवला नाही. आणि सकाळचा फरकही वहीच्या शेवटच्या रकान्यात दिसत होता. त्याच मैदानावर दुपारच्या फेरीत आखूड पडलेले फटके कमी होते.

नुसत्या आठ यार्डांनी माणूस हरत नाही, हे मला नीट सांगायचं आहे. खरं नुकसान त्यानंतरच्या साखळीने केलं. चेंडू आखूड पडला, तो बंकरमधून काढला, पारसाठी सात-आठ फुटांचा पट उरला. असे तीन-चार पट घातले, एक हुकला. चौथ्या-पाचव्या होलनंतर जोर लावायला सुरुवात केली. जोर लावला की लय मोडते, काठीचं तोंड उघडं राहतं, चेंडू उजवीकडे. आता अंतर बरोबर, दिशा चुकीची. पुन्हा पारसाठी पट. अठरा होल असं स्वतःला वाचवत वाचवत यायचं आणि सतराव्या-अठराव्याला थकलेल्या हाताने एक पट हुकायचा. तो मात्र सगळ्यांनी बघितला. तीन ग्रीन कमी मिळाली की फेरीमागे दीड-दोन फटके जातात. दोन फेऱ्यांत तीन-चार. कट हुकायचा एका-दोन फटक्यांनी.

दाजींच्या तोफेची गोष्ट मला तेव्हा उमगली. तोफखान्यात मारा करण्याआधी हवेचं तापमान, दाब, वारा यांचा हिशेब घेतात. दाजींनी उभ्या आयुष्यात ते केलं होतं. मुलाच्या खेळात ते लागू पडेल असं त्यांना वाटलं नाही, आणि आम्ही त्यांना विचारलं नाही.

उपाय, आणि तो लागू का पडेना

उपाय कागदावर दहा मिनिटांत झाला. पुण्यात रडारवर फटके मोजणारं यंत्र तासाच्या भाड्याने मिळतं. तिथे भाचा एकदा सकाळी आणि एकदा दुपारी गेला, मग मुंबईतही तेच केलं. दिंडोरीचे आकडे, पुण्याचे, मुंबईचे, असा तक्ता झाला. उंचीच्या तीन पट्ट्या, तापमानाच्या चार. नियमही आड येत नव्हता : फेरीत वाऱ्याचा वेग यंत्राने मोजता येत नाही, पण तापमान बघायला हरकत नाही. ताईने खिशात मावेल असा थर्मामीटर आणून दिला.

तक्ता घेऊन गेला आणि पुढच्या दोन्ही स्पर्धा हुकला. तेही तीन आणि चार फटक्यांनी, म्हणजे आधीपेक्षा वाईट. त्या आठवड्यात घरात माझ्याशी फारसं कुणी बोललं नाही.

मी मुंबईच्या दुसऱ्या स्पर्धेत सोबत होतो. त्याने तक्त्याप्रमाणे सात नंबरऐवजी सहा नंबर काढला, उभा राहिला, आणि खाली येता येता हात आवरला. चेंडू धड ना लांब ना सरळ. संध्याकाळी दादरला गाडीची वाट बघत असताना तो म्हणाला, "मामा, सहा नंबर घेतला की मला वाटतं मी हरलो. बाजूचा पोरगा एकशे साठला आठ नंबर मारतो. मी सहा काढतो तेव्हा त्याचा कॅडी बघतो माझ्याकडे." या वाक्यासाठी वहीत रकाना नव्हता. तरुण मुलांच्या खेळात लांब मारणं ही इभ्रत आहे. आकडा बरोबर असून भागत नाही, मुलाच्या खांद्यांना तो पटावा लागतो.

त्यावर त्याने स्वतःच जे केलं ते माझ्या तक्त्यापेक्षा मोलाचं होतं. देवळालीला परत आल्यावर महिनाभर त्याने सात नंबरची काठी पिशवीतून काढूनच ठेवली. चौदा काठ्या न्यायची मुभा असते, तो तेराच घेऊन खेळला. जिथे सात लागायचा तिथे सहा नंबर अर्ध्या ताकदीने, दहा वेळा, वीस वेळा, शंभर वेळा. जोर न लावता चेंडू कुठे पडतो ते अंगाला कळेपर्यंत. पटचा सराव चार तासांवरून एका तासावर आला. सतरंजी परत कपाटात गेली.

त्या हिवाळ्यात कोलकात्याला पहिल्या दिवशी बारा ग्रीन, दुसऱ्या दिवशी अकरा. कट दोन फटक्यांनी पार. शेवटी तो तिशीच्या पुढे कुठेतरी संयुक्त क्रमांकावर आला आणि मिळालेल्या रकमेतून त्या आठवड्याचा खर्च जेमतेम निघाला. ताईने देवापुढे साखर ठेवली. वर्षभरात सोळा स्पर्धा, आठ कट.

आक्षेप

हे प्रकरण मी दोन-तीन जाणत्या खेळाडूंना वाचायला दिलं. एकाचं म्हणणं असं की बावीस फेऱ्या म्हणजे फार थोड्या, त्यावरून एवढं मोठं अनुमान काढू नये. गणिताचा माणूस म्हणून मला हे मान्य आहे. मुलगा एक वर्षाने मोठा झाला, अनुभव आला, त्याचाही वाटा असणार. दुसऱ्याने विचारलं, सोबतचे बाकीचे खेळाडूही मुंबई-बेंगळुरू फिरतातच, त्यांचं का बिघडत नाही? हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला. मोठ्या क्लबांत वाढलेल्या मुलांसोबत लहानपणापासून जाणता प्रशिक्षक असतो. "इथे एक काठी जास्त घे" हे त्यांना तेराव्या वर्षी कुणीतरी सांगितलेलं असतं, इतक्या सहज की आपल्याला कधी सांगितलं होतं हेही त्यांना आठवत नाही. हे ज्ञान गुप्त नाही, फक्त ते बोलून बोलून पुढे जातं. जिथे बोलायला कुणी नाही तिथपर्यंत ते पोहोचत नाही. चौरसिया यांचे वडील ग्रीनकीपर होते. पैसा नसेल, पण मैदान आणि मैदानावरची माणसं घरासमोर होती. आमच्या मुलाला मैदान आठवड्यातून काही तास मिळत होतं, आणि बाकीचं सगळं दिंडोरीच्या रानात.

नाशिकने विदित गुजराथीसारखा ग्रँडमास्टर दिला, सावरपाड्याची कविता राऊत दिली, तळेगाव रोहीचा नौकानयनपटू दत्तू भोकनळ दिला. बुद्धिबळाचा पट घरात मांडता येतो, धावायला रस्ता पुरतो, आणि दत्तूला लष्करात गेल्यावर पाणी मिळालं. गोल्फला शेकडो एकर जमीन लागते आणि पाणीही. गंगापूर धरणाच्या पाण्यावर शहर आणि शेती दोघांचाही हक्क असलेल्या जिल्ह्यात नवी मैदानं व्हावीत असं मी म्हणणार नाही. पण आहेत त्या मैदानांवर कॅडीचं काम करणाऱ्या पोरांना महिन्यातून एकदा तरी जाणत्या माणसाने दोन तास द्यावेत, एवढी मागणी मी देवळालीतल्या ओळखीच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवली आहे. सध्या सहा मुलं येतात. अंतराचा तक्ता त्यांना मी शिकवतो, फळ्यावर.

सध्या

परवा पहाटे डिग्बोईहून फोन आला. आसामात उजाडतं लवकर, इथे अजून अंधार होता. दाजी माझ्या आधी उठून बसले होते.

"मामा, अकरा डिग्री आहे. दव पण आहे."

"मग?"

"मग काय, सातच्या जागी सहा, पाचच्या जागी चार. दहा वाजल्यानंतर बघू."

पहिल्या दिवशी ग्रीन बारा, फटके ७१. दुसऱ्या दिवशी ग्रीन अकरा, फटके ७४, आणि कट एका फटक्याने हुकला. रात्री त्याने अठराही होल सांगितले. तीन वेळा चेंडू ग्रीनच्या बाजूच्या बंकरमध्ये होता, तिन्ही वेळा बाहेर काढायला दोन-दोन फटके लागले. मागची पानं उलटून बघितली तर बंकरचा रकाना वर्षभर तसाच आहे, आम्ही तिकडे बघितलंच नव्हतं. तो रविवारी येतो आहे. दाजींनी देवळालीला वाळूसाठी विचारून ठेवलं आहे.